लिंबावर फुली

आमचे भावोजी कुणाकडे गेले तर आधी दार वाजवत नाहीत. दाराजवळ जे काही धातूचे असेल ते वाजवतात. टपालपेटी, पाण्याची टाकी, उभी मोटार, शेजाऱ्याचा कूलर, काहीही चालते. बोटाच्या पेराने दोन टिचक्या मारायच्या, कान तिरका करायचा आणि पत्र्याच्या जाडीचा निकाल द्यायचा. "चोवीस गेज." किंवा, "हा पत्रा नाही, कागद आहे." त्यानंतर दार. गल्लीतली मुले त्यांना ठकठकमामा म्हणतात. हे नाव इतके रुळले आहे की मोठी माणसेही तेच वापरतात, आणि भावोजींनाही त्यात काही वावगे वाटत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. लग्नाला छत्तीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी त्यांना सलग दहा मिनिटे एका जागी बसलेले पाहिलेले नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा ठेवतात, कुणी हाक मारली तर उठायला सोपे जावे म्हणून. ताई म्हणते, "यांना खुर्ची तव्यासारखी लागते."

घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचे दुकान. लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला रुळाचा तुकडा ही ऐरण. शेजारी लाकडी मोगरी, पत्रा कापायच्या तीन कात्र्या, आणि भिंतीला टेकून उभे केलेले जस्ती पत्रे. म्हणजे लोखंडाच्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून जस्ताचा पातळ थर दिलेले. नव्या पत्र्यावर त्या जस्ताची फुलासारखी नक्षी उमटलेली असते. भावोजी नवा माल आला की मला हमखास दाखवायचे. "बघ, चांदी आहे चांदी." बादल्या, धान्याच्या कोठ्या, झाऱ्या, नरसाळी, छपराचे पन्हाळ, सगळे याच चांदीचे.

शाळा त्यांनी लहानपणीच सोडली आणि लिहायचा कंटाळा कायम राहिला. त्यामुळे मागणीची वस्तू कुणाची हे ते बुडावर छिन्नीने चित्र ठोकून ठेवतात. शिंप्याच्या बादलीवर कात्री. न्हाव्याच्या डब्यावर फणी. माझ्या घरच्या कोठीखाली चष्मा आहे. मी एकदा विचारले होते, माझी खूण म्हणून पेन का नाही? म्हणाले, "तू पेन खिशात ठेवतोस. चष्मा पुसत बसतोस."

आता मूळ गोष्ट क्रमाने सांगतो.

मी ज्या कार्यालयात भांडार विभागात काम करतो, तिथले कॅन्टीन एक मावशी चालवतात. चहा त्यांच्या हातचा यथातथाच. पण लिंबाचे सरबत असे की आमच्याकडे ते बारा महिने चालते, आणि साहेब लोकही आपले ग्लास घेऊन रांगेत उभे राहतात. चार वर्षांपूर्वी मावशींना मोठी, खाली तोटी असलेली टाकी हवी होती. मीच त्यांना भावोजींकडे घेऊन गेलो. आठ दिवसांत टाकी तयार झाली. चाळीस लिटरची, घट्ट झाकणाची, सांध्यांना दुहेरी घडी आणि फटी बुजवायला वितळवलेल्या धातूचा डाग दिलेला तोही बाहेरून, आत हात फिरवला तर कुठे काही बोटाला लागू नये. बुडावर कप ठोकलेला.

मावशींनी झाकण उघडून आत पाहिले आणि विचारले, "मामा, आतून कल्हई आहे ना? माझी आई कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट ठेवू द्यायची नाही."

भावोजी हसले. "कल्हई वेगळी कशाला करायची? कारखान्यातूनच होऊन येते. हे चकाकतंय ते काय आहे मग?"

"म्हणजे आंबटाला चालेल?"

"आंबटाला, गोडाला, तुमच्या साहेबाच्या डोक्यावर घालायला, कशालाही चालेल."

मावशी हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. "घेऊ ना, साहेब?" मी मान डोलावली. मी भांडारातला माणूस, पत्र्यातले मला काही कळत नाही. पण डोलावली.

भावोजींनी फसवले नव्हते. ते स्वतः तसेच समजत होते, आणि का समजत होते हे मला पुढे कळले. त्यांचे वडील कल्हई करायचे. लहानपणी भावोजी भाता मारायचे. काळवंडलेले तांब्या-पितळेचे भांडे निखाऱ्यावर तापायचे, त्यात कथील फिरायचे आणि क्षणात आत पांढरेशुभ्र व्हायचे. मग वडील भांडे उलटेपालटे करून म्हणायचे, "आता यात काहीही ठेवा." पुढे घरोघरी स्टील आले, भाता थंड झाला आणि भावोजी पत्र्याकडे वळले. पत्राही पांढरा, तसाच चकचकीत. वडिलांचे वाक्य त्यांनी जसेच्या तसे पत्र्याला लावले. कथील वेगळे आणि जस्त वेगळे, हे त्यांना कुणी सांगितले नाही आणि त्यांनी कुणाला विचारले नाही.

ती टाकी इतकी देखणी झाली की त्यांनी हौसेने तिची जोडीदारही केली आणि ओट्यावर मांडून ठेवली. दोनच दिवसांत एक टेम्पोवाला थांबला. टाकीला टिचकी मारून त्याने विचारले, "कशालाही चालेल ना?" टिचकी मारणारे गिऱ्हाईक म्हणून भावोजी खूश. "कशालाही," ते म्हणाले. त्याचा धंदा काय हे विचारायचे राहिले, म्हणून बुडावर टेम्पोचे चाक म्हणून नुसता गोल ठोकला. टेम्पो निघून गेला.

यंदाच्या उन्हाळ्यात एका शनिवारी दुकानातला माठ फुटला. ताईने सकाळी लिंबू, साखर, मीठ घालून पाणी करून दिले, ते भावोजींनी एका नव्या कोऱ्या बादलीत ओतले, वर झाकण, झाकणावर ओला फडका. कामाच्या तंद्रीत त्यांना ते दुपारी आठवले. तहान लागली होती, लागोपाठ तीन ग्लास प्यायले. अर्ध्या तासात पोटात कळा आणि उलट्या. ताईचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. धावत गेलो आणि त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरीण बाई तरुण, मोजके बोलणाऱ्या. सलाईन लावताना विचारू लागल्या, काय खाल्ले, काय प्यायले. भावोजी आडवे पडूनही सलाईनच्या दांड्याला टिचक्या मारत होते. "पोकळ आहे," मला म्हणाले.

"सरबत कशात ठेवलं होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"बादलीत."

"कसली बादली?"

"माझी! माझ्या हातची. जस्ती पत्र्याची, एक नंबर माल."

डॉक्टरांनी मान हलवली. "म्हणजे जस्त उतरलं त्यात."

"अहो, काय बोलताय! तीस वर्षं मी त्याच बादल्यांतलं पाणी पितोय."

"पाण्याचं वेगळं, काका. साधं थंड पाणी ठेवा, कोरडं धान्य ठेवा, फार काही होत नाही. पण आंबट, खारट ठेवलंत की ते जस्ताला खातं. आणि गरम असेल तर आणखी लवकर. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, काही ठेवायचं नाही त्यात. शिजवायचं तर मुळीच नाही."

"मग आता माझ्या पोटात जस्त आहे?"

"होतं. ते तुम्ही आमच्या मोरीत टाकलंत. थोडं जस्त शरीराला लागतंच, जास्त गेलं की पोट परत पाठवतं. तुमच्या पोटाने तक्रार केली हे बरंच झालं. वाईट ते, जे रोज थोडं थोडं जातं आणि पोट बोलत नाही. बरेच महिने तसं चाललं की शरीरातलं तांबं कमी पडतं, मग रक्त कमी होतं. माणूस फिका पडतो, दमतो. लोहाच्या गोळ्या खाऊनही भरून येत नाही."

दांड्यावरच्या टिचक्या थांबल्या. भावोजींनी माझ्याकडे पाहिले आणि मी त्यांच्याकडे. आमच्या मावशी तीन वर्षे लोहाच्या गोळ्या खात होत्या. कॅन्टीनमध्ये त्यावरून त्यांचाच विनोद चालायचा. "एवढं लोखंड खाल्लंय, साहेब, आता चुंबक लावला तर भिंतीवर चिकटेन." हा विनोद मी घरी येऊन भावोजींना सांगितला होता, आणि ते पोट धरून हसले होते.

"तू तिला काही बोलू नकोस," ते मला म्हणाले. "चालेल असं मी सांगितलं होतं, आता हेही मीच सांगणार."

दुसरा दिवस रविवार. कार्यालय बंद, म्हणजे टाकी रिकामी. एवढीच सवलत होती. ताई म्हणाली, दिवसभर यांनी घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवली. सकाळी पत्र्याच्या एका तुकड्यावर अर्धे लिंबू उपडे घातले. दर तासाला उचलून बघायचे आणि परत ठेवायचे. संध्याकाळी मी गेलो तेव्हा लिंबाखालचा गोल काळपट, मेल्यासारखा झाला होता आणि भोवतीची फुले तशीच चमकत होती.

"बघ," ते म्हणाले.

"बघ काय बघ," ताई आतून म्हणाली. "छत्तीस वर्षं मला ऐकवताय, माझ्या पत्र्याला ढिम्म होत नाही!" पण बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. "अरे, त्या कॅन्टीनवाल्या बाईंनी गल्लीभर केलं तर? कोण घेईल यांच्या हातचं काही? यांना दुसरं काय येतं?"

भावोजींनी लिंबू पुन्हा त्याच गोलावर ठेवले. ते थोडे सरकले, म्हणून नीट बसवले.

सोमवारी नऊ वाजता मी खिडकीतून पाहिले तर ते फाटकाशी उभे. मावशी दहाला लिंबे पिळायला घेतात, हे त्यांना मीच सांगितले होते. त्यांनी फाटकाला टिचक्या मारल्या, कान लावला आणि उलटे फिरले. वीस पावले गेले, परत आले, पुन्हा टिचक्या, पुन्हा वळले. तिसऱ्या वेळी मी खाली जाऊन गाठले.

"भावोजी, त्याचं गेज काय बदलणार आहे का?"

"ती म्हणाली पोलिसांत जाते, तर?"

"तर जाऊ दे."

"ती म्हणाली, तुमच्यामुळे माझं रक्त गेलं, तर?"

घड्याळात सव्वानऊ झाले होते. "ती दहाला लिंबं पिळेल," मी म्हणालो.

ते माझ्या आधी आत शिरले.

मावशी टोपलीभर लिंबे कापायला बसल्या होत्या. "अगंबाई, ठकठकमामा! आज कुणाचा पत्रा वाजवायला आलात?"

"मावशी, सुरी खाली ठेवा," भावोजी म्हणाले. "त्या टाकीत आज काही घालू नका." आणि उभ्याउभ्या, एका दमात, शनिवारचे सगळे सांगून टाकले. बादली, उलट्या, डॉक्टर, तांबे, रक्त. स्वतःसाठी बरे असे त्यात काही ठेवले नाही. "कल्हई नव्हती ती. मला ठाऊक नव्हतं, पण मी ठाऊक असल्यासारखं सांगितलं."

मावशी आधी हसल्या. मग उठल्या आणि टाकीचे झाकण काढले. आम्ही तिघेही आत वाकलो. वरच्या चार बोटांत जस्ताची फुले नव्यासारखी होती. जिथवर रोज सरबत भरायचे तिथे सरळ रेघ, पट्टीने मारल्यासारखी. रेघेखाली एकही फूल नव्हते. नुसता राखाडी पत्रा, आणि तोटीजवळ तांबूस ठिपके.

"इथलं कुठे गेलं?" मावशींनी विचारले.

त्यांनी झाकण ठेवले, पण ते नीट बसले नाही, तसेच तिरके राहिले.

"लोकांना एकेक ग्लास मिळायचा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी उरायचं ते टाकायला माझा जीव व्हायचा नाही. मीच प्यायचे. दोन ग्लास, कधी तीन. ओठ आवळल्यासारखी चव यायची. मी म्हणायचे, साल उतरली असेल." मग भावोजींकडे सरळ पाहून म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"आंबटाला चालेल का, असंच विचारलं होतं."

"असंच."

"आणि साहेब, तुम्ही मान हलवली होती."

"हो," मी म्हणालो.

बाहेर कुणीतरी चहासाठी हाक मारली. मावशी ओरडल्या, "आज बंद!" चहा तर स्टीलच्या पातेल्यात होता. भावोजी चक्क स्तब्ध उभे होते. हात बाजूला, बोटेसुद्धा हलत नव्हती. मावशी ओरडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरे वाटले असते, असे मला वाटले. पण त्या काहीतरी आठवत होत्या.

"हिच्या जोडीची एक होती ना? तुमच्या ओट्यावर पाहिली होती मी."

"ती टेम्पोवाल्याने नेली."

"कुठला टेम्पोवाला?"

"माहीत नाही."

"काय ठेवतो तो तिच्यात?"

"विचारलं नाही."

"त्यालाही कल्हईचं सांगितलंत?"

"कशालाही चालेल, म्हणालो."

"मग इथे माझ्यासमोर काय खांबासारखे उभे राहिलात?" मावशींचा आवाज आता चढला. "मी आज डॉक्टरकडे जाईन. मला कळलंय, मी जाईन. त्या माणसाला कुणी सांगायचं?"

मावशींची तपासणी झाली. तांबे कमी निघाले. डाग देताना शिसे वापरतात म्हणून डॉक्टरांनी तेही तपासले, ते निघाले नाही. डाग बाहेरून होता. हे ऐकून भावोजींनी पहिल्यांदा खुर्ची मागितली आणि तीन-चार मिनिटे बसले. औषध सुरू झाले, आता मावशींच्या चेहऱ्यावर रंग दिसू लागला आहे आणि जिना चढताना त्या मधे थांबत नाहीत. पण हे सगळे टाकीमुळेच झाले का, हे डॉक्टर ठाम सांगत नाहीत. आणखीही कारणे असू शकतात म्हणतात. भावोजी दोनदा जाऊन विचारून आले. त्यांना हो किंवा नाही यांतले एक हवे आहे, ते मिळत नाही.

मावशी त्यांच्याशी बोलतात, पण कामापुरते. टाकी त्यांनी परत दिली नाही. कॅन्टीनच्या दाराशी झाकण काढून ठेवली आहे, छत्र्या ठेवायला. आत वाकणाऱ्याला रेघ दिसते. नवे सरबत स्टीलच्या पिंपात असते.

भावोजींनी एक नवी खूण तयार केली, लिंबू आणि त्यावर फुली. गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन आपल्या हातच्या वस्तू उपड्या करायच्या आणि जुन्या चित्राशेजारी ही खूण ठोकायची. शिंपी म्हणाला, "मामा, लिंबाशी भांडण कधी झालं?" एकाने घाबरून धान्याची कोठी परत आणली. तिला काही होत नाही हे त्याला पटवता पटवता भावोजींची दुपार गेली, तरी तो कोठी ठेवूनच गेला. आणखीही दोघांनी मागणी रद्द केली. ताईने त्या आठवड्यात माझ्याशी बोलताना दुकानाचा विषय तीनदा बदलला. एका घरी त्यांना डब्यात व्हिनेगरमध्ये घातलेल्या मिरच्या सापडल्या. त्या बाईंनी कधी काही विचारलेच नव्हते. तो डबा ते स्वतः धुऊन, त्यात स्क्रू भरून परत देऊन आले. माझ्या कोठीखाली आता चष्मा आहे आणि लिंबू आहे.

गोलाची टाकी मात्र अजून सापडलेली नाही. टेम्पो थांबतात त्या दोन्ही तळांवर सगळ्यांना विचारून झाले. मी कार्यालयातून सवड काढून एक कागद लिहून दिला, "चार वर्षांपूर्वी घेतलेली तोटीची टाकी, बुडावर गोल," खाली माझा फोन नंबर. तो आठ ठिकाणी चिकटवला आहे. फोन आले, पण ते टाकी विकत मिळेल का असे विचारणारे.

परवा रविवारी आम्ही दोघे बाजारातून चाललो होतो. एका गाडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली टाकी दिसली, तोटीची. भावोजींनी माझा दंड सोडला आणि तिच्यापाशी गेले.

"काय देऊ, काका?" गाडीवाल्याने विचारले. "लिंबू की कोकम?"

"बूड दाखव."

"काय?"

"टाकीचं बूड. जरा उचल."

"भरलेली आहे, काका! तीस लिटर आहे त्यात."

भावोजींनी फडका बाजूला करून दोन टिचक्या मारल्या. कान तिरका केला. पुन्हा एकदा मारली.

"स्टील," ते मला म्हणाले. चेहऱ्यावरून त्यांना बरे वाटले की वाईट, हे कळले नाही.

गाडीवाला माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवत होता. मी ओशाळून एक ग्लास सरबत मागितले आणि उन्हात उभा राहून पिऊ लागलो. निम्मा ग्लास संपला असेल, तेवढ्यात पलीकडच्या गाडीवरून मला ठकठक ऐकू आले आणि पाठोपाठ कुणाचा तरी आवाज, "अहो, काका, काय करताय?"